जुहूचा जुना विमानतळ आणि त्याचे आजचे काम

श्रोतेहो, बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या एस. टी. स्टँडवर काय अवस्था होते ती आपण सर्वांनी पाहिली आहे. लांब पल्ल्याची गाडी फाटकातून आत यायची असते आणि नेमकी त्याच वेळी कुणाची बैलगाडी, कुणाचा भाजीचा टेंपो, कुणाची मोटारसायकल फाटकात अडकून पडलेली असते. दोष तसा कुणाचाच नसतो. बैलगाडीवाल्यालाही बाजार गाठायचा असतो आणि गाडीतल्या पन्नास माणसांनाही आपापल्या गावी जायचे असते. पण जलद चालणारे आणि सावकाश चालणारे एका वाटेवर आले, की दोघांचाही खोळंबा होतो. शहाणी ग्रामपंचायत अशा वेळी भांडण करीत बसत नाही. ती गावाच्या दुसऱ्या अंगाला बैलगाड्यांसाठी निराळा तळ नेमून देते.

विमानांच्या बाबतीतही हुबेहूब हेच घडते. फरक इतकाच, की तिथे वाट आकाशात असते. दीडदोनशे उतारू घेऊन येणारे मोठे विमान धावपट्टीकडे उतरत असते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे अडीचशे किलोमीटर असतो. शिकाऊ वैमानिकाचे दोन आसनांचे लहान विमान उतरते ते ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. आता शाळेतल्या मुलांना एक हिशेब घाला. धावपट्टी वीस किलोमीटर दूर आहे. मोठ्याला किती वेळ लागेल आणि लहान्याला किती? मोठे विमान पाच मिनिटांत पोचते, लहान्याला दहा मिनिटे लागतात. म्हणजे एक लहान विमान रांगेत शिरले, की मागच्या मोठ्यांना ताटकळत घिरट्या घालाव्या लागतात.

दुसरी अडचण डोळ्यांना न दिसणारी आहे. नदीतून मोटारलाँच गेली की तिच्या मागे लाटा उठतात आणि काठाजवळची होडी हेलकावे खाऊ लागते, हे कोकणातल्या श्रोत्यांना सांगायला नको. मोठ्या विमानाच्या पंखांमागेही हवेचे असेच जबरदस्त भोवरे उठतात. ते काही मिनिटे टिकतात. त्यांत लहान विमान सापडले तर ते उलटेपालटे होऊ शकते. म्हणून फार वजनदार विमानाच्या मागे उतरणाऱ्या लहान विमानाने सुमारे अकरा किलोमीटर अंतर ठेवावे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. एवढे अंतर राखायचे म्हणजे पुन्हा धावपट्टीचा वेळ फुकट जाणार.

यावर उपाय एकच. लहानांसाठी, हेलिकॉप्टरांसाठी, शिकाऊ विमानांसाठी शेजारी एक वेगळा तळ असावा. मोठ्या विमानतळाचा भार हलका करणाऱ्या अशा तळाला इंग्रजीत ‘रिलीव्हर एअरपोर्ट’ म्हणतात. आपण त्याला साहाय्यक विमानतळ म्हणू. अमेरिकेत अशा विमानतळांची सरकारी यादीच असते. न्यूयॉर्कजवळचा टेटरबरो हा त्यांतला एक नामांकित. आपल्याकडे हा शब्द फारसा रूढ नाही, पण हे काम अनेक वर्षे करीत आलेला एक विमानतळ आपल्या महाराष्ट्रात आहे. तो म्हणजे मुंबईतला जुहूचा विमानतळ. आणि गंमत अशी, की आज दुसऱ्याचा भार वाहणारा हा तळ एके काळी स्वतःच मुंबईचा मुख्य विमानतळ होता.

जुहूची गोष्ट सुरू होते १९२८ साली. विलेपार्ल्याच्या पश्चिमेला, समुद्राच्या अगदी लगत, सखल अशी मोकळी जमीन होती. नागरी विमानांसाठी देशातला पहिला विमानतळ तिथे झाला. विमानतळ म्हटल्यावर आज आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या भिंती आणि सरकते जिने उभे राहतात. तसे तिथे काहीच नव्हते. तो होता मातीचा माळ. त्याच वर्षी बॉम्बे फ्लाइंग क्लब ही विमानविद्या शिकविणारी संस्था तिथे सुरू झाली. या क्लबात शिकलेल्या एका पंचविशीच्या आतल्या तरुणाला १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला हा पहिला परवाना. तरुणाचे नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. म्हणजेच आपले जे. आर. डी. टाटा.

पुढे साडेतीन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ या दिवशी, हेच टाटा कराचीहून एका इंजिनाच्या ‘पस मॉथ’ जातीच्या चिमुकल्या विमानात एकटेच निघाले. बरोबर होते टपालाचे सुमारे पंचवीस किलो वजन. वाटेत अहमदाबादेला पेट्रोल घेतले. ते पेट्रोल डब्यांतून, बैलगाडीवर लादून विमानापाशी आणलेले होते. दुपारी दोनच्या सुमारास विमान जुहूच्या मैदानावर उतरले. तिथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट नावाच्या वैमानिकाने टपाल बल्लारीमार्गे मद्रासला नेले. भारतातील विमानसेवेचा आरंभ तो हा. या सेवेने पहिल्या वर्षात सारे मिळून १५५ उतारू आणि सुमारे दहा टन टपाल नेले. आज एका मोठ्या विमानात एका खेपेला एवढे उतारू बसतात! टाटांच्या याच कंपनीचे पुढे १९४६ साली ‘एअर इंडिया’ असे नामकरण झाले.

त्या काळी जुहूला सोयी त्या काय असणार? झावळ्यांनी शाकारलेली एक शेड, दोनतीन यंत्रकामगार आणि वारा. आणि पावसाळा आला की एक मोठीच पंचाईत होई. जमीन समुद्रकाठची आणि सखल. जोराचा पाऊस आणि भरती एकदम आली, की विमानतळाचे तळे होई. मग टाटांना आपला संसार उचलून पावसाळ्यापुरते पुण्याला जावे लागे. पाहा, म्हणजे साहाय्यक विमानतळाची गरज जुहूला स्वतःलाच आधी लागली होती. मुंबई पाण्याखाली गेली की पुणे मदतीला धावून येई.

पुढे जुहूला पक्क्या धावपट्ट्या झाल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत मुंबईचा मुख्य नागरी विमानतळ तोच होता. पण युद्धाने विमाने मोठी केली. मोठ्या विमानाला लांब धावपट्टी हवी, आणि जुहूला तर एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला वस्ती. लांबी वाढणार कशी? तेव्हा दोनच किलोमीटर पूर्वेला, रेल्वेलाइनच्या पलीकडे, ब्रिटिश हवाईदलाने वापरलेला सांताक्रूझचा प्रशस्त तळ होता. १९४८ साली उतारूंची विमाने तिकडे गेली. आज ज्याला छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणतात तो हाच.

घरातली कर्ती सून आली म्हणजे सासूने ओसरीवर बसून लसूण सोलायचा, तशी जुहूची स्थिती झाली. पण ओसरीवर बसलेली सासू काही कमी कामाची नसते, हे ज्यांच्या घरात ती आहे त्यांना ठाऊक असते.

दोन विमानतळ इतके जवळजवळ असल्यामुळे एक निराळाच घोटाळाही झाला. १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश कंपनीचे ‘कॉमेट’ जातीचे जेट विमान सांताक्रूझला उतरायचे ते चुकून जुहूला उतरले. जेट विमाने तेव्हा जगालाच नवी होती. आखूड धावपट्टीवरून हे धूड पुन्हा उडवायचे कसे? शेवटी सुमारे नऊ दिवसांनी ते तेथून उडवून नेण्यात आले. चूक एकदाच झाली असती तर विसरली गेली असती. पण २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपानच्या विमान कंपनीचे ‘डीसी-८’ हे मोठे विमान पुन्हा जुहूलाच सांताक्रूझ समजले. या वेळी ते धावपट्टी संपवून पुढे गेले आणि दुरुस्तीपलीकडे मोडले. सुदैवाने आतील कोणीही दगावले नाही.

शिकलेसवरलेले वैमानिक असे चुकतात कसे, असे आपण विचाराल. याचे उत्तर फळ्यावर आकृती काढून देता येते, म्हणून शिक्षकबंधुभगिनींसाठी थोडे सविस्तर सांगतो. प्रत्येक धावपट्टीच्या टोकावर पांढऱ्या रंगात एक मोठा आकडा लिहिलेला असतो. तो काही मनाला येईल तसा लिहीत नाहीत. होकायंत्रात उत्तरेपासून उजवीकडे मोजत गेले तर पूर्व ९० अंशांवर येते, दक्षिण १८० वर, पश्चिम २७० वर आणि पुन्हा उत्तर ३६० वर. धावपट्टी ज्या दिशेला जाते त्या दिशेचे अंश घ्यायचे आणि शेवटचे शून्य सोडायचे. पूर्वेला तोंड असेल तर ९० चे झाले ०९. त्याच पट्टीवर उलट्या बाजूने, पश्चिमेकडे तोंड करून आलात तर २७० चे झाले २७. दोन टोकांच्या आकड्यांतला फरक नेहमी १८ च असतो. कारण उलट दिशा म्हणजे १८० अंश. सांताक्रूझची मुख्य धावपट्टी ०९ आणि २७ अशी आहे. आणि जुहूची? ०८ आणि २६. म्हणजे दोन्ही पट्ट्या जवळजवळ एकाच दिशेच्या, पूर्वपश्चिम, आणि अंतर फक्त दोन किलोमीटरांचे! अरबी समुद्रावरून पूर्वेकडे तोंड करून येणाऱ्या वैमानिकाला आधी दिसते ती जुहूची पट्टी. आजच्यासारखी दिशादर्शक यंत्रे हाताशी नसली आणि डोळ्यांवरच भिस्त ठेवली, तर अशी फसगत होणे अशक्य नव्हते. मुलांना सांगावे, की तुमच्या शाळेच्या मैदानावरही चुन्याने एक धावपट्टी आखा, होकायंत्राने दिशा पाहा आणि दोन्ही टोकांवर बरोबर आकडे घाला. एका तासाचा भूगोल आयुष्यभर लक्षात राहील.

आता आज जुहूला काय आहे ते पाहू. हा तळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ताब्यात आहे. मुख्य धावपट्टी सुमारे अकराशे मीटरची. सांताक्रूझची मुख्य पट्टी साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे ही तिच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. तिला छेदून जाणारी आणखी एक आखूड पट्टी आहे. विमाने ठेवण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या शेडी आहेत. त्यांना हँगर म्हणतात. इंधन भरण्याची सोय आहे, आगीचे बंब आहेत, आणि येण्याजाण्यावर देखरेख करणारा नियंत्रण मनोरा आहे. या मनोऱ्याला सांताक्रूझशी सतत संधान बांधून राहावे लागते. कारण जमिनीवरचे तळ दोन असले तरी वरचे आकाश एकच आहे. हेलिकॉप्टरांनी कोणत्या वाटेने आणि किती उंचीवरून जावे हे ठरलेले असते. मोठ्यांच्या वाटेखालून, पायवाटेने गेल्यासारखे ती जातात.

मुंबईच्या हेलिकॉप्टरांचे मुख्य ठाणे जुहूच. आणि त्यांतले फार मोठे काम आहे ते समुद्रातल्या तेलाचे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, १९७४ साली खनिज तेल सापडले. ‘बॉम्बे हाय’ हे नाव आपण ऐकले असेल. १९७६ पासून तिथून तेल निघू लागले. समुद्रात लोखंडी मचाणे उभारून माणसे तिथे राहतात आणि तेल काढतात. दोन आठवडे काम, दोन आठवडे घरी, अशी त्यांची पाळी असते. या माणसांना नेणारी आणणारी हेलिकॉप्टरे जुहूवरून उडतात. १९८५ साली सरकारने पवनहंस ही हेलिकॉप्टर कंपनी काढली, तिचाही मोठा तळ इथेच आहे. गावाकडे पंपात डिझेल भरताना, घरात गॅस पेटविताना, त्यामागे जुहूवरून उडालेला एखादा कामगार असू शकतो, हे आपल्या ध्यानीही नसते.

हे काम सुखाचे नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी सकाळी जुहूवरून तेलक्षेत्राकडे निघालेले एक हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले. आत पाच अधिकारी आणि दोन वैमानिक होते. सातही जण गेले. लहान विमानतळ म्हणजे लहान जबाबदारी, असे मानणे किती चूक आहे ते यावरून कळते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सांताक्रूझवर आज किती ताण आहे? तिथे दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून एका वेळी एकीचाच वापर होतो. तरीही ११ नोव्हेंबर २०२३ या एका दिवसात तिथे १,०३२ विमानांची येजा झाली. चोवीस तासांना भागून पाहा. दर दीड मिनिटाच्या आत एक विमान! वर्षाला साडेपाच कोटींच्या आसपास उतारू या तळावरून जातात येतात. एवढे ओझे जुहू काही उचलू शकत नाही. त्याच्या आखूड पट्टीवर मोठे विमान उतरू शकत नाही, हे १९५३ आणि १९७२ ने दाखवून दिलेच आहे. जुहू फक्त इतके करतो, की हेलिकॉप्टरांची आणि लहानसहान विमानांची गर्दी मोठ्याच्या दारात जाऊ देत नाही.

आणि जुहूलाही जागा अपुरी पडली, तेव्हा त्याने आपला काही भार आणखी पुढे दिला. ज्या फ्लाइंग क्लबाने जुहूला विमानविद्या आणली, त्याने प्रत्यक्ष उड्डाणाचे शिक्षण धुळ्याला नेले. खानदेशातल्या मोकळ्या आकाशात शिकाऊ विमानांना घिरट्या घालायला अडथळा नाही. बारामती आणि गोंदिया इथेही वैमानिक घडविण्याच्या शाळा आहेत. तेव्हा आपल्या शेतावरून एखादे लहान विमान पुन्हा पुन्हा तीच फेरी मारताना दिसले, तर कुणी वाट चुकले असे समजू नका. मोट हाकणारा नवा गडी जसा पहिल्यांदा नुसता मागेपुढे करायला शिकतो, तसा तो उतरायला आणि उडायला शिकतो आहे.

मोठ्या विमानांचा भार घेण्यासाठी मात्र दुसरा मोठाच तळ हवा होता. तो नवी मुंबईत झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून उतारूंची विमाने उडू लागली. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी आणि शेवटी नऊ कोटी उतारूंची सोय होईल अशी त्याची आखणी आहे. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळविला. आणि दहा गावे हलविली. तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही, कोपर ही त्यांतली काही नावे. आगरी आणि कोळी लोकांची ही भातशेतीची आणि मासेमारीची गावे. मोबदल्यात विकसित केलेली साडेबावीस टक्के जमीन देण्याची योजना झाली. पण ज्या अंगणात चार पिढ्यांची लग्ने लागली, त्या अंगणाचा भाव कोणत्या तलाठ्याने लावायचा?

श्रोतेहो, इथेच या साऱ्या गोष्टीचे मर्म आहे. भार हलका होतो असे आपण म्हणतो, तेव्हा तो नाहीसा होत नसतो. तो एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातो. सांताक्रूझचा काही भार जुहूने घेतला. जुहूचा काही धुळ्याने घेतला. आता सांताक्रूझचा मोठा भार उलव्याच्या गावांनी घेतला आहे. पालखीला खांदा देणारे बदलतात, पालखी मात्र चालतच राहते. म्हणून वाट पाहायला न लागता विमान वेळेवर सुटले, की कुणाच्या खांद्यावरून ते सुटले याची आठवण असावी. आणि खांदा देणाऱ्याला त्याचे देणे वेळेवर पोचावे.

शेवटी एक प्रश्न. मुंबईत हाताएवढ्या जागेला सोन्याचा भाव. मग जुहूसारखी समुद्रकाठची जमीन नुसती मोकळी का ठेवायची? तिथे इमारती का बांधू नयेत? हा प्रश्न विचारणारे अडाणी नसतात. विमानतळाभोवतीच्या इमारतींना उंचीचे बंधन असते, आणि जुन्या घरात दाटीने राहणाऱ्यांना ते जाचते, हेही खरे. पण गावच्या गायरानाचे काय झाले ते आठवा. ते मोकळे दिसत होते तोवर कुणाला त्याची किंमत नव्हती. त्यावर घरे चढली आणि मग गुरे न्यायची कुठे, असा प्रश्न पडला. जुहूवर इमारती उभ्या राहिल्या तरी हेलिकॉप्टरे उडायची थांबणार नाहीत. समुद्रातल्या कामगाराला पाळी बदलायची आहेच. ती सारी पुन्हा कुणाच्या तरी दारात जातील. तेव्हा जुहूचे जे काही करायचे ते करण्यापूर्वी त्याचा भार कोण घेणार, हे आधी ठरवावे.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, आपल्या पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. टाटा तसल्याच एका जुन्या लहान विमानात कराचीहून निघाले आणि पुन्हा मुंबईला जुहूलाच उतरले. तोवर सांताक्रूझला शेकडो उतारूंची जंबो जेट विमाने येत होती. पण त्या चिमुकल्या विमानाला पुरेल एवढी जागा राखून जुहू अजून तिथेच होता.